चांगला डोळा झाकायचं काम

लहान पोरांचा चांगला डोळा झाकायचा आणि अधू डोळ्याला म्हणायचं, आता तू बघ. अख्खी नोकरी मी हेच केलं. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीपलीकडे माझी खोली होती. दारावर इंग्रजीत पाटी होती, ती कुणी वाचली नाही. सगळ्यांसाठी मी पट्टीवाल्या बाई. रिटायर झाले तरी मंडईत हाक येतेच, "ओ पट्टीवाल्या बाई, वळखलासा का?" मी आधी माणसाचे डोळे बघते, मग ओळखते. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, डोळे राहतात.

पोरांनी मला जितक्या शिव्या घातल्या तितक्या पोलिसालाही कुणी घातल्या नसतील. एकानं हाताला चावा घेतला, त्याचा वण अजून आहे. तो आता इंजिनिअर झालाय आणि दिवाळीला फराळ घेऊन येतो. पण असे फराळाचे डबे घेऊन येणारी पोरं कमी. जी येत नाहीत तीच माझ्या डोक्यात जास्त बसलीत. त्यातल्या एकीचंच सांगते.

त्याआधी कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईनं चांगला डोळा का झाकला. त्याचं असं आहे, की बघण्याचं काम डोळा करत नाही, डोकं करतं. डोळा नुसतं आत पाठवतो. नुकत्याच जन्मलेल्या पोराला चालता येत नाही तसं बघताही येत नाही. ते त्याचं डोकं पहिल्या काही वर्षांत शिकतं. आणि त्याच वर्षांत एका डोळ्यासमोर पडदा असेल, तर डोकं त्या डोळ्याचा नाद सोडून देतं. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना मी उसाच्या भाषेत सांगायची. एका पाटात गाळ साचला की त्याच्या वाटचं पाणी शेजारचा शेतकरी घेतो. पुढं गाळ काढला तरी शेजारी पाणी सोडत नाही, कारण तोवर त्यानं तिथं ऊस लावलेला असतो. मग काय करायचं? शेजाऱ्याचा पाट रोज काही तास बंद करायचा. म्हणजे पट्टी. पण हे सगळं सहा-सात वर्षांच्या आत. पुढं डोकं टणक होतं, मग ऑपरेशन करा, चष्मा द्या, देवाला कोंबडं कापा, काही उपयोग नाही.

आमच्या दवाखान्यात फोनवर बसणारा एकजण जन्मांध होता. मोठा हुशार आणि तोंडाळ. त्याला एकदा मी विचारलं, "तुला स्वप्नात काय दिसतं रे?" तर म्हणाला, "बाई, दिसत न्हाय, घडतंय." त्याच्या स्वप्नात आई यायची ती हाताच्या खरखरीतून आणि बांगड्यांच्या आवाजातून. डॉक्टर म्हणायचे, त्याच्या डोक्यातली बघायची जागा रिकामी पडलेली नाही, ती कानांनी आणि बोटांनी घेतलीय. त्याला चित्र म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळं त्याचं काही अडतही नव्हतं. मी मात्र, आपण त्याला असं का विचारलं म्हणून, तो दिवस कसातरीच घालवला.

आता समृद्धीचं. कागलच्या पुढं, सीमेच्या बाजूला त्यांचं गाव. जैन शेतकरी कुटुंब, थोडा ऊस, दोन म्हशी. बाप एमआयडीसीत, आई सूतगिरणीत. घरी आजोबा. तिकडं आजोबाला आज्जा म्हणतात, म्हणून मीही आज्जाच म्हणायची. पोरगी आमच्याकडं आली तेव्हा तिसरं सरून चौथं लागलेलं. उजव्या डोळ्यात जन्मापासून मोतीबिंदू. डावा डोळा ठणठणीत, त्यामुळं कुणाला कळलंच नाही. पोरगी पळायची, खेळायची, शेजारच्या कोंबड्यांच्या मागं लागायची. कुणाच्या तरी बारशातल्या मोबाईलच्या फोटोत एक डोळा पांढरा चमकला, तेव्हा घाबरून आले. ऑपरेशन झालं, भिंग बसवलं, चष्मा दिला. डोळा काचेसारखा स्वच्छ. आणि तो कशाच्याही कामाचा नव्हता, कारण आत त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण पट्टी नेमानं झाली तर बरीच नजर येईल. तिची आई, सुजाता, माझ्या समोर हात जोडून म्हणाली, "नेमानं करतो बाई." तिकडच्या बायकापोरी 'मी करतो'च म्हणतात.

पहिल्यांदा आली तेव्हा आज्जाही बरोबर होता. उंच, वाळका, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. बसल्याबसल्या तो भिंतीकडं बघून गालात हसला. मी म्हटलं, "काय आज्जा, काय गंमत?" सून बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, कुणाला सांगू नगासा. मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"बारकी बारकी माणसं. तांबडे फेटे बांधल्याली. वरात जावी तशी जात्यात. बोलत न्हाईत. पावण्यांनी सांगितलं नरसोबाच्या वाडीला न्या ह्येला, बाधा हाय. म्हणून मी बोलायचं सोडलं."

मी हसले नाही. हे आम्ही बघितलेलं असतं. ज्या डोक्यानं साठ-सत्तर वर्षं बघितलंय, त्याला बघायला मिळायचं बंद झालं की ते स्वतःच चित्रं काढत बसतं. वेड नाही, बाधा नाही. तसं मी त्याला सांगितलं. आज्जानं काठीवर हनुवटी टेकवून ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे फुकटचा पिक्चर म्हणा की." मग मात्र आम्ही दोघंही हसलो. त्याच्या डोळ्यांत नजर नव्हती, पण डोकं चित्रांनी भरलेलं. नातीचं बरोबर उलटं. डोळा तयार, डोकं कोरं. मला त्या दिवशी त्यात नवल वाटलं, पुढं त्याचाच त्रास झाला.

महिने जात होते आणि उजव्या डोळ्यात काही फरक नव्हता. तक्त्यावर होडी, घर, फूल असली चित्रं असतात. सगळ्यात मोठ्या चित्राच्या खाली पोरगी उतरेना. पट्टी होत नसली की असं होतं, आणि आया खोटं बोलतात हे मला माहीत होतं. पोरगं रडतं, आईचा जीव तुटतो, पट्टी निघते. एकदा तिचा बाप आला आणि माझ्या खोलीतच बायकोवर घसरला. "ही दिवसभर गिरणीत. पट्टी कोण लावतंय तिकडं? उद्यापासनं बस घरात."

सुजाता रडली नाही, चिडली. "मी सकाळी माझ्या हातानं डाव्या डोळ्याला लावून जातो. आमचे मामंजी काढू देत न्हाईत. इचारा त्यास्नी."

मी पोरीला जवळ ओढलं आणि चष्मा काढला. चिकट पट्टी रोज लावली की डोळ्याभोवतीची कातडी लालसर होते, बारीक पुरळ येतं. आई खरं बोलतेय की नाही, ते मी त्यावरून ओळखायची. डाव्या डोळ्याभोवती लाली होती. म्हणजे सुजाता खरं बोलत होती. पण उजव्या डोळ्याभोवतीही होती, आणि तिथं जास्तच. उजव्याला पट्टी लावायचं काहीच कारण नव्हतं. मी बापाला म्हटलं, "बायकोवर ओरडू नका. ती लावते. घरी येऊन बघते मी."

पुढच्या आठवड्यात कागलला शिबिर होतं. तिथून शिबिराची गाडी घेऊन मी त्यांच्या गावात गेले, भर दुपारी. घराच्या बाहेरच्या सोप्यात आज्जा बसलेला आणि समोर पोरगी कडुलिंबाच्या काड्यांचं घर करत होती. मजेत होती. पट्टी होती, अगदी नीट दाबून बसवलेली. उजव्या डोळ्यावर. ऑपरेशनच्या. आणि चांगला डावा डोळा उघडा.

"कोण पावणं?" आज्जानं विचारलं.

"पट्टीवाली बाई," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच मोठा, त्या दिवशी शेजारीपाजारी बाहेर आले. "आज्जा, ही पट्टी इकडं कुणी लावली?"

"मी," तो अभिमानानं म्हणाला. "सून घाईत असती, चुकून चांगल्या डोळ्याला लावून जाती. पोरगी रडती, कुटं बी धडपडती. मी हातानं चाचपतो आनि दुखऱ्या डोळ्याला लावतो. लगीच गप हुती बघा. सून यायच्या आदी काडतो, उगंच तिला बोलनी बसाय नगंत."

"अहो पण दुखऱ्या डोळ्याला कशाला?"

"का म्हंजे? माझं आपरेशन झालतं तवा तुमच्याच दवाखान्यात हिरवी पट्टी लावलीती की. सांगितलतं, आपरेशन झाल्याला डोळा झाकायचा, त्येला इसावा द्यायचा. मी एक दीस बी चुकलो न्हाई."

खरंच होतं. म्हाताऱ्यांना आम्ही तेच सांगतो. जखम झाकायची, हे तर जगातला कुणीही माणूस न शिकवता करतो. माझं कामच उफराटं आहे. त्यानं सुनेची चूक गुपचूप सुधारली, तीही तिला बोलणी बसू नयेत म्हणून. आणि जो डोळा आधीच उपाशी होता, त्याला महिनोन्‌महिने अंधारात कोंडून ठेवलं. राग आला होता मला, पण तो काढायचा कुणावर?

सांगणं भाग होतं. वेळ थोडा उरला होता आणि त्यानं ते थांबवल्याशिवाय काही होणार नव्हतं. पाटाच्या पाण्याचं सगळं सांगितलं. शेतकरी माणूस, अर्ध्यातच समजला. त्यानं हात पुढं केला, पोरीचा चेहरा चाचपला, पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमी लावा," म्हणाला. मी चहा न घेताच निघाले. गाडीत ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, मी त्याच्यावरच खेकसले.

त्यानंतर आज्जानं जे केलं ते कुठल्या आईनंही केलं नसेल. पट्टी डाव्या डोळ्यावर, आणि पट्टी असेपर्यंत तो पोरीला सोडून हलायचा नाही. मी सांगितलं होतं, पट्टी बांधून नुसतं बसवू नका, डोळ्याला काम द्या, मोठ्या रंगीत वस्तू दाखवा. त्याला दाखवता येत नव्हतं, म्हणून तो विचारायचा. "काय दिसतंय गं?" सारखं. घरात, रानात, एष्टीत. दर तपासणीला तो सुनेबरोबर यायचाच आणि मला बातमी द्यायचा, "बाई, परवा म्हशीच्या पाठीवरचा बगळा दिसला तिला. काल जोंधळ्याच्या कणसावरची पाखरं दिसली. याय लागलीय नजर."

मी आनंदानं तक्ता लावायची आणि पोरगी पहिल्या होडीच्या खाली एक ओळ उतरायची, फार तर दीड. थोडा फरक होता, नाही म्हणत नाही. पण पाखरं दिसण्याइतका? छे. मला काही कळेना.

एक दिवस गर्दी होती. ती दोघं बाहेरच्या बाकावर बसलेली, पोरीच्या डाव्या डोळ्याला पट्टी. मी दारात उभी राहून ऐकत होते. आज्जा विचारत होता आणि पोरगी समोरच्या रिकाम्या भिंतीकडं तोंड करून सांगत होती, "आज्जा, माणसं चालल्यात. बारकी बारकी. तांबडे फेटे बांधल्यात."

आज्जा एकदम ताठ झाला. "तुला बी दिसत्यात?"

"व्हय की. वरात हाय."

पोरीला मी आत बोलावलं, दार लावलं. "खरं सांग समृद्धी, ह्या डोळ्यानं तुला काय दिसतं?"

ती तेव्हा सात वर्षांची असेल. तिनं आधी दाराकडं बघितलं. "धुकं," म्हणाली. "मोटं काय आसलं तर हलल्यालं कळतंय."

"मग बगळे, पाखरं, वरात?"

"ते आज्जानंच मला सांगितल्यालं आसतंय, आदी कवातरी. मी डोक्यात आनून सांगतो. मी काय न्हाई दिसत म्हणलं की त्यो जेवत न्हाई."

चांगला डोळा होता म्हणून तिच्या डोक्यात चित्रं भरपूर होती. पट्टीखाली बसून ती म्हाताऱ्याला तीच काढून काढून देत होती. मी तिला रागावले. म्हटलं, गोष्टी सांगण्यात वेळ घालवू नकोस, त्या डोळ्यानं बघायचा प्रयत्न कर. तिनं मान हलवली. मला वाटतं, ती प्रयत्नही करत होती. सुजाताला मी सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक हाय बाई. पर तेवढंच बोलत्यात ते. बाकी दिवसभर गप आसत्यात." आज्जाला सांगायचं धाडस ना तिला झालं, ना मला.

आता दोष कुणाचा म्हणाल, तर ऑपरेशनच उशिरा झालं होतं. पट्टी पहिल्या दिवसापासून नीट झाली असती तरी नजर किती आली असती, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरांनी आज्जाला हे समोर बसवून समजावलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी चांगलं मानूस हायसा." त्याला पटलं नव्हतं. दरवेळी निघताना तो मला बाजूला घ्यायचा आणि एकच विचारायचा, "बाई, वाचंल न्हवं डोळा?" मी म्हणायची, "बघू या आज्जा." ह्या 'बघू या'चा मला पुढं पुढं वीट आला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात तिची शेवटची तपासणी झाली. नऊ वर्षांची झाली होती, वेणी घालून, शाळेच्या गणवेशात आली. सुजाताला सुट्टी मिळाली नव्हती, आज्जा आणि ती दोघंच एष्टीनं आलेली. तक्ता लावला. तीच होडी, तीच दीड ओळ. दोन वर्षं तिथंच होतं. डॉक्टरांनी बघितलं, भिंगातून बघितलं, आणि मला म्हणाले, "पट्टी थांबवा आता. पोरीला उगाच त्रास." चांगल्या डोळ्याला जपा, चष्मा कायम लावा, एवढंच सांगायचं राहिलं होतं. पोरीनं सगळं ऐकलं. आता तिला सगळं समजत होतं.

आज्जा बाहेर बाकावर होता. काय आणि कसं सांगायचं ह्याची जुळवाजुळव करत मी बाहेर आले, तर पोरगी माझ्या आधी पोचली. "आज्जा, पट्टी सुटली. डॉक्टर म्हणालं, झाला बरा डोळा."

आज्जा उठून उभा राहिला. "खरं?"

"व्हय."

"बाई?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी उभीच राहिले. हो म्हणवलं नाही आणि नाही पण म्हणवलं नाही. आज्जानं माझी फार वाट बघितली नाही. काठी सावरली आणि म्हणाला, "मग आज मला त्याच डोळ्यानं ने. चांगला झाक. येवडी वर्सं वाट बघितलीया मी."

मला वाटलं, पोरगी 'झाकला' म्हणेल आणि डावा डोळा उघडा ठेवून चालू लागेल. आंधळ्या माणसाला काय कळणार? पण तिनं आज्जाला कधी असं फसवलं नसावं. तिनं डावा तळवा चष्म्याच्या आत घालून डोळ्यावर दाबून धरला. आज्जानं हात नेऊन चाचपलं. डोळा खरोखरच झाकलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्या दवाखान्यात फार थोड्या वेळा बघितलं. उजव्या हातानं तिनं त्याचा हात धरला आणि दोघं निघाली.

दारापर्यंत सरळ वाट होती, ती नीट गेली. मी मागोमाग होते. दाराबाहेर पायऱ्या आहेत, पांढऱ्या फरशीच्या, आणि वर ऊन. पोरीचा पाय पुढं पडला तो हवेतच. मी हात टाकला, पण पोचले नाही. आज्जानं तिला दंडाला धरून मागं खेचलं. त्याची काठी पायरीच्या कडेला आधीच लागली होती.

"पायरी हाय गं," तो म्हणाला.

पोरीचा तळवा तसाच डोळ्यावर होता. आज्जाही तसाच उभा राहिला, तिच्या दंडाला धरून. लोक बाजूनं वर-खाली जात होते, एकजण "सरा की हो" म्हणून ओरडला. मग आज्जानं काठी काखेत धरली, चाचपत तिच्या तोंडावर हात नेला, आणि तो तळवा डोळ्यावरून हळूच खाली काढला. चष्मा नीट बसवला.

"र्‍हाऊ दे आता," म्हणाला. "चल, एष्टी जाईल."